विषय : भेटीला न येणेबाबत

विश्वजित : ...पण मेजर, ही तक्रार होत नाही. हे पत्र आहे.

मानसिंग : पत्र कसं? वर 'विषय' लिवलाय की.

विश्वजित : विषय लिहिला म्हणून पत्राची तक्रार होते का?

मानसिंग : पलटणीत व्हायची.

विश्वजित : हे जेल आहे. तक्रारपेटी कशासाठी असते ते पेटीवरच्या फलकावर लिहिलंय. जेवण, पाणी, दवाखाना, मारहाण, कोर्टाची तारीख. ह्यातलं काय आहे तुमच्या कागदात?

मानसिंग : शेवटचं वाचलं न्हाईसा तुमी. 'व इतर.'

विश्वजित : काय राव.

मानसिंग : मी इतरमदी हाय.

विश्वजित : काल जज मॅडम आल्या होत्या. पेटीची किल्ली त्यांच्याकडं असते, आम्हाला हात लावता येत नाही. त्यांच्यासमोर पेटी उघडली. तेरा कागद निघाले. मी एकेकाला नंबर टाकत चाललोय. डाळ पातळ आहे. दोन नंबर बराकीत पंखा बंद. एकाला चष्मा पाहिजे. आणि शेवटचा कागद उलगडला तर, 'प्रति, सौ. रंगूबाई मानसिंग खबाले यांसी. विषय : तीन महिने भेटीला न येणेबाबत. महोदया...'

मानसिंग : अर्ज म्हणला की महोदया लिवायच लागतंय.

विश्वजित : स्वतःच्या बायकोला?

मानसिंग : अर्जात बायकू नसती. समोरची पार्टी असती.

विश्वजित : मला वाटलं मॅडम हसतील. हसल्या नाहीत. दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, नंबर टाका.

मानसिंग : मग झालं की.

विश्वजित : तुमचं झालं. रजिस्टर माझ्याकडं आहे. त्यात रकाना आहे, 'तक्रार कोणाविरुद्ध'. आजपर्यंत तिथं काय लिहिलंय माहितीये? स्वयंपाकघर. दवाखाना. अमुक शिपाई. आता त्याच्या खाली मी लिहू, रंगूबाई?

मानसिंग : सौभाग्यवती लिवा आदी.

विश्वजित : मेजर, हात जोडतो. एका ओळीचं काम आहे. 'सदर कागद नजरचुकीने पेटीत पडला.' खाली सही करा. मी मॅडमला दाखवतो आणि विषय संपवतो.

मानसिंग : नजरचुकीनं न्हाई पडला. तीन दिस इचार करून टाकलाय.

विश्वजित : पण का? पोस्टकार्ड टाकायचं होतं. आम्हीच देतो की.

मानसिंग : पोस्टकार्डाला उत्तर द्याचं का न्हाई त्ये तिच्या मनावर. पेटीचं तसं न्हाई. फलकावर काय लिवलंय? पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळेल. सायेब, अडतीस वर्सं झाली लग्नाला. त्या बाईनं माझ्या एका सवालाला सरळ जबाब दिल्याला न्हाई. जेवलीस का म्हणलं की म्हणती, तुमी जेवला न्हवं. बरं वाटंना व्हय म्हणलं की म्हणती, म्हशीला वैरण टाका. म्हणलं, आता सरकार इचारंल. सरकारला तरी दील जबाब.

विश्वजित : आर्मीत अठरा वर्षं काढली तुम्ही. तिथं पण असल्या तक्रारी करायचा?

मानसिंग : एक बी केली न्हाई. पलटणीत दरबार भरायचा. सीओ सायेब हुबं ऱ्हाऊन इचारायचं, किसी को कोई तकलीफ? अठरा वर्सं हात खाली. पायाला फोड, घरनं पत्र न्हाई, बाप गेला तवा रजा उशिरा मिळाली, तरी हात खाली. आता साठीला आलोय. म्हणलं, एकदा वर करून बगू. आसं बगू नगासा. लिवा काय लिवायचं त्ये.

विश्वजित : मेजर, एक विचारू? घरात काही झालंय का? म्हणजे त्या का येत नाहीत, काही अंदाज?

मानसिंग : तुमच्या कागदात बगा की. कुणाला मारलंय म्या?

विश्वजित : भाऊसो म्हणून कोणीतरी. सामाईक विहिरीवरनं भांडण, मोटर कोणी चालू करायची. खोऱ्याच्या दांड्यानं हात मोडला. शेजारी असेल, भावकीतला असेल.

मानसिंग : रंगूचा धाकटा भाऊ हाय त्यो.

विश्वजित : आयला.

मानसिंग : व्हय. पाळी माझी हुती त्या दिशी. त्यानं न इचारता मोटर टाकली. त्याच्या उसाला आठ दिस पानी न्हवतं, मला ठाव हुतं. तरी राग आला. राग आला म्हंजी काय, डोळ्याम्होरं काय दिसंनाच. दांडा मारला आन हाड मोडल्याला आवाज आला. त्यो आवाज अजून यातोय मला.

विश्वजित : आणि बायको तिथंच?

मानसिंग : बांधाव हुती. भाकरी घिऊन आल्याली. पोलिसांनी मला गाडीत घातलं तवा ती त्याचा हात धरून बसली हुती. माझ्याकडं बगितलं बी न्हाई. तवापास्नं आजपातूर एक अक्षर न्हाई, एक भेट न्हाई.

विश्वजित : तुमचा जामीन तर मंजूर झालाय. महिना होऊन गेला.

मानसिंग : वकील म्हणतोय जामीनदार बगा. म्या म्हणलं थांब जरा. आजपातूर माझ्या कुठल्या बी कागदाव दुसरी सही लागली की भाऊसोच हुबा. सोसायटी आसूं दे, न्हाईतर पोरीच्या लग्नाचा हॉल. आता कुणाला म्हणू? आन भाईर जाऊन जायाचं कुठं? दारात गेलो आन तिनं कडी काढली न्हाई, तर? तिनं भाऊ धरला आसंल तर धरूं दे. माझी तक्रार न्हाई. पर मला कळाय पायजे. न्हाईतर हितंच बरा हाय.

विश्वजित : तक्रार नाही म्हणता आणि तक्रार टाकता.

मानसिंग : तुमाला बायकू हाय का?

विश्वजित : नाही अजून.

मानसिंग : मग नगा बोलू. आमच्या शिराळ्याकडं नागपंचमीच्या आदल्या दिशी बाया भावाचा उपास धरत्यात. सगळीकडंच धरत्यात, पर आमच्याकडं लय. आडतीस वर्सात तिनं भाऊसोचा उपास चुकवल्याला न्हाई. बाळंतपणात बी धरला. यंदा त्या दिशी तिनं काय केलं आसंल, त्याच्या पलस्तराकडं बगून? म्या जेवलो न्हाई त्या दिशी.

विश्वजित : तुम्ही कशाला?

मानसिंग : कुणाला ठाव. घास उतारला न्हाई.

विश्वजित : बरं. नंबर सांगा त्यांचा.

मानसिंग : कशाला?

विश्वजित : तक्रारीला नंबर पडलाय म्हटल्यावर दोन्ही बाजूंचा जबाब घ्यावा लागतो. तुमचा झाला. आता महोदयांचा.

* * *

विश्वजित : हॅलो, रंगूबाई खबाले का? मी जेलमधून बोलतोय. ऑफिसमधनं.

रंगूबाई : काय झालं त्येंला?

विश्वजित : काही नाही, काही नाही. ठणठणीत आहेत.

रंगूबाई : खरं सांग.

विश्वजित : खरंच. आत्ताच माझ्याशी भांडून गेलेत.

रंगूबाई : मग ठणठणीतच हायत. बोल. धार काढतिया, फोन कानाखांद्यात धरलाय, मोठ्यानं बोल.

विश्वजित : मावशी, तुमच्याविरुद्ध तक्रार आली आहे.

रंगूबाई : कुणाची? बनुबाईची आसंल. तिच्या कोंबड्या माझ्या...

विश्वजित : मेजरांची.

रंगूबाई : आँ?

विश्वजित : तुमच्या मालकांची. लेखी. तुम्ही तीन महिने भेटीला येत नाही म्हणून.

रंगूबाई : थांब. म्हशीनं पाय हलवला. आता परत म्हण.

विश्वजित : तुम्ही भेटीला येत नाही, अशी त्यांची तक्रार आहे.

रंगूबाई : म्या येत न्हाई?

विश्वजित : असं लिहिलंय.

रंगूबाई : त्या माणसाला तोंड हाय का सांगायला? त्येंनी स्वतःच्या हातानं मला भाईर काढलं आन तक्रार बी त्येंचीच? लिवून घे. तीन येळा आले म्या. तीन. पयल्यांदा पेरणी उरकली तवा. घरनं पाटं चारला निगाले, पेठ नाक्याव गाडी बदलली, दहाला दारात. फारम भरलं. आतनं एक सायेब आला, म्हणला तुमचं नाव यादीत न्हाई. म्हणलं, यादी कसली? म्हणला, आतला माणूस लिवून देतोय, मला कोण कोण भेटाय येणार ते. त्यानं लिवलं तरच सोडायचं. तुमचं लिवल्यालं न्हाई.

विश्वजित : मग?

रंगूबाई : मग काय. माघारी. वाटभर म्हणले, राग आसंल. भाऊ माझा हाय न्हवं. म्या त्या दिशी त्येंच्याकडं बगितलं न्हाई, त्येचा राग धरला आसंल. बगू कसं? भावाच्या हाताचं हाड लोंबतंय, कुणाकडं बगू? म्हणलं जाऊं दे, उतारल राग. मग पंचमी आली. आदल्या दिशी भावाचा उपास धरला, आन पंचमीला पुरणाची दिंडं केली. त्येंला लय आवडत्यात. शिराळ्यात ही जत्रा, यष्टीत पाय ठेवाय जागा न्हाई. डबा डोक्याव धरून आले. ह्या खेपंला दारात नवीन पोरगं हुतं. हनुवटीला कापल्याची खूण. मावशी बसा म्हणलं, पानी दिलं, यादी बगून आलं. तोंड बारीक करून म्हणलं, न्हाई वं मावशी नाव. म्हणलं, डबा तरी दे आत. म्हणलं, भाईरचं आत जात न्हाई. मग म्हणलं, आता ह्ये माघारी कुठं नेऊ, तूच खा. हायस का? हॅलो?

विश्वजित : आहे.

रंगूबाई : बोल की मग.

विश्वजित : मावशी, दिंडं लय चांगली झाली होती.

रंगूबाई : कोण रं तू?

विश्वजित : हनुवटीला खूण मलाच आहे. लहानपणी सायकलवरनं पडलो होतो.

रंगूबाई : मेल्या.

विश्वजित : आठवडाच झाला होता मला गेटवर. पाच होती. तीन मी खाल्ली, दोन जोडीदारानं. डबा अजून माझ्या कपाटात आहे. रोज म्हणतो, त्या मावशी परत आल्या की द्यायचा.

रंगूबाई : आले की. पोळ्याच्या आदी आले. तवा दुसराच हुता दारात. नाव न्हाई म्हणला. त्या दिशी ठरवलं, बास. आता हाक येईल तवाच याचं. तीनदा उंबऱ्याव येऊन माघारी गेल्याव बाईमाणसानं आजून काय करायचं? आत निरोप पाठवू? का म्हणून? त्येंला कळाय नगं व्हय?

विश्वजित : थांबा. फोन ठेवू नका. त्यांची यादी काढतो. एक मिनिट... मावशी.

रंगूबाई : काय?

विश्वजित : तुमचं नाव खोडलेलं नाही. यादीत कोणाचंच नाव नाही. 'भेटीस येणारे नातेवाईक', त्याच्यापुढं त्यांनी लिहिलंय, कोणी नाही. खाली सही.

रंगूबाई : कुणाचंच न्हाई?

विश्वजित : कुणाचंच नाही. आल्या दिवशी, पहिल्याच तासात भरून घेतात हे.

रंगूबाई : पोरीचं बी न्हाई?

विश्वजित : पोरीचं पण नाही.

रंगूबाई : म्हंजी मला नगं म्हणल्यालं न्हाई.

विश्वजित : नाही.

रंगूबाई : बरं.

विश्वजित : मावशी?

रंगूबाई : काय न्हाई. म्हशीनं शेपूट मारलं डोळ्याला.

विश्वजित : जबाब काय लिहू तुमचा? थोडक्यात सांगा, चारच ओळी आहेत.

रंगूबाई : लिव. तीन येळा आले. आन दिंडं शिपायानं खाल्ली.

विश्वजित : ते लिहायलाच पाहिजे का?

रंगूबाई : जबाबात खरं लिवत्यात न्हवं?

विश्वजित : हो.

रंगूबाई : मग लिव. आन कवा येऊ ते सांग.

* * *

मानसिंग : तीनदा.

विश्वजित : तीनदा. फोनवर ऐकून सोडलं नाही, गेटची वही काढून बघितली. तिन्ही तारखा आहेत. नाव, गाव, नातं, आणि शेवटी शेरा, 'यादीत नाव नाही, परत पाठवले'.

मानसिंग : पंचमीला बी?

विश्वजित : पंचमीला पण. पावणेअकरा वाजता.

मानसिंग : पावणेअकराला मी नळाव चादर धूत हुतो. नळापास्नं दरवाजा किती लांब आसंल?

विश्वजित : दीडशे पावलं.

मानसिंग : एकशे बारा. म्या मोजल्यात.

विश्वजित : आता हे बघा. हे अक्षर कुणाचं?

मानसिंग : माझंच.

विश्वजित : 'कोणी नाही' का लिहिलं, मेजर?

मानसिंग : लिवणाऱ्यानं इचारलं, भेटाय कोण येणार? म्या म्हणलं, ज्याला मारलं त्याची भन हाय घरात, ती कशाला येती? मग म्हणलं, नाव लिवायचं आन ती आली न्हाई, तर? दर आठवड्याला कान दरवाजाकडं. त्यापरीस कुणाचंच नगं. कुणी आलं न्हाई तर कुणाला बलिवलंच न्हवतं म्हणायला मोकळा.

विश्वजित : आणि ते तुम्ही विसरून गेलात.

मानसिंग : इसरलो न्हाई. यादीत नाव नसलं की दारातनं माघारी लावत्यात, ह्ये ठाव न्हवतं. मला वाटलं माहितीसाठी इचारत्यात. पलटणीत बी घरच्यांची नावं लिवून घ्यायची. कुणी मेलं तर तार कुठं करायची म्हणून.

विश्वजित : अहवाल लिहिलाय मी. साहेबांनी सही केली. वाचून दाखवायचा नियम आहे, ऐका. 'तक्रार क्रमांक सत्तावीस. चौकशीअंती तक्रारीत तथ्य आढळून आले नाही. सामनेवाली तीन वेळा भेटीस आली होती. तक्रारदाराने स्वतः भेटीची यादी रिकामी ठेवल्याने तिला परत जावे लागले.'

मानसिंग : म्हंजी माझीच चूक.

विश्वजित : पुढं आहे. 'तथापि, नातेवाईक परत गेल्याची माहिती गेटवरील शिपायाने बंद्यास दिली नाही. ती दिली असती तर सदर प्रकार पहिल्याच वेळी लक्षात आला असता.'

मानसिंग : त्यो शिपाई कोण?

विश्वजित : दोन वेळा दुसरे होते. पंचमीला मी.

मानसिंग : तुमचं नाव घातलंसा?

विश्वजित : घातलं.

मानसिंग : काय गरज हुती रं पोरा? नियमात हाय का, आत सांगायचं म्हणून?

विश्वजित : नव्हतं. आता आहे. साहेबांनी खाली स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली. यापुढं कोणी परत गेलं तर त्याच दिवशी आत चिठ्ठी. आणि एक ओळ खोडली.

मानसिंग : कुठली?

विश्वजित : दिंडांची. म्हणाले, हे वर जायला नको.

मानसिंग : दिंडं कसली?

विश्वजित : मावशींनी तुमच्यासाठी आणली होती. पंचमीला. आत देता येत नव्हती, माघारी न्यायची नव्हती. म्हणाल्या तू खा.

मानसिंग : आन तू खाल्लीस.

विश्वजित : खाल्ली.

मानसिंग : किती?

विश्वजित : तीन.

मानसिंग : वर तूप हुतं?

विश्वजित : मेजर, काय सांगू तुम्हाला, ते असं...

मानसिंग : जाऊं दे. नगं सांगू.

विश्वजित : डबा आणलाय दाखवायला. तुम्हाला देता येणार नाही, नुसता बघा.

मानसिंग : बुडाला बग. काय कोरलंय?

विश्वजित : 'ताईस, भाऊसोकडून. भाऊबीज.' साल पुसलंय.

मानसिंग : माझ्या म्होरं कोरून घेतल्याला. सोळा-सतरा वर्साचा आसंल तवा. ऊसतोडीच्या गाडीव पयला पगार झालता. कोरणाऱ्याला म्हणतोय, दाजी, माझं नाव मोठं काढाय सांगा. म्या म्हणलं, आरं तिचं मोठं काढायचं असतंय. ऐकलं न्हाई. बग, भाऊसो केवढं मोठं हाय.

विश्वजित : खरंच की.

मानसिंग : ठेव त्यो. जपून ठेव.

विश्वजित : हा कोरा फॉर्म. भेटीस येणारे नातेवाईक. एक नंबरला कोण?

मानसिंग : दे हिकडं. म्या लिवतो.

* * *

(भेटीची खोली. मध्ये काच, दोन्ही बाजूंना स्पीकरवर लावलेले फोन. मानसिंगच्या शेजारी विश्वजित रजिस्टर घेऊन उभा.)

रंगूबाई : ऐकू यातंय का?

मानसिंग : यातंय.

रंगूबाई : मग बोला की. सरकारला मधी घालून बलिवलंय, आता गप का?

मानसिंग : बारीक झालीस.

रंगूबाई : महोदया म्हणा.

मानसिंग : त्या पोरानं सांगितलं व्हय तुला.

रंगूबाई : सगळा कागद वाचून दावला. वरील विषयास अनुसरून काय, आपली नम्र विनंती काय. माझ्या जल्मात नम्र शब्द ऐकला न्हवता तुमच्या तोंडनं. आवं, तुमी माझी तक्रार करता. आडतीस वर्सं माझ्या किती तक्रारी हुत्या. मला कुठं पेटी हुती?

मानसिंग : चुकलं.

रंगूबाई : काय?

मानसिंग : चुकलं म्हणलं.

रंगूबाई : फोनात खरखर हाय. परत म्हणा.

मानसिंग : खरखर न्हाई. तुला परत ऐकायचंय.

रंगूबाई : व्हय.

मानसिंग : चुकलं माझं. यादीचं बी, आन त्याच्या आदलं बी.

रंगूबाई : ...जेवताय का नीट?

मानसिंग : तू?

रंगूबाई : इचारा की आता.

मानसिंग : काय?

रंगूबाई : जे पोटात हाय त्ये. आढंयेढं घिऊ नगासा. येळ थोडा हाय.

मानसिंग : हात कसा हाय त्याचा?

रंगूबाई : पलस्तर काढलं. मूठ पुरी वळत न्हाई आजून. बादली डाव्या हातानं उचलतोय. डॉक्टर म्हणला, वळल हळूहळू.

मानसिंग : आन केस?

रंगूबाई : मागं घेणार न्हाई म्हणतोय. म्या बी घे म्हणलं न्हाई.

मानसिंग : बरूबर हाय त्याचं.

रंगूबाई : बरूबरच हाय. हाड मोडलंय, कोर्टात जाब तर दिलाच पायजे. त्यो म्हणला, केस केसच्या जाग्याव, ताई ताईच्या जाग्याव. तीनबी खेपंला त्योच घिऊन आला मला.

मानसिंग : कोण?

रंगूबाई : कोण म्हंजी? भाऊसो. मला काय ठाव हिकडचं, कुठं उतरायचं, फारम कुठं मिळतंय. गळ्यात हात बांधून यायचा. पंचमीला त्या गर्दीत शिराळ्यापास्नं हुबा आला, एका हातानं दांडी धरून. म्हणलं, कशाला त्या माणसासाठी एवढा तरास घेतोस? म्हणला, त्याच्यासाठी न्हाई, तुझ्यासाठी यातोय.

विश्वजित : पलस्तरवाला तो? चिंचेखाली बसायचा? मला वाटलेलं दवाखान्यातनं कोणीतरी आलंय.

रंगूबाई : त्योच. आत येत न्हाई, रस्त्यापलीकडं चिंचंखाली बसतोय.

मानसिंग : आज?

रंगूबाई : आजबी हाय.

मानसिंग : आत...

विश्वजित : नाही, मेजर. तो फिर्यादी आहे. केस चालू असेपर्यंत नाही देता येणार भेट.

रंगूबाई : त्यो येत बी न्हाई म्हणतोय. राग हाय म्हणतो आजून. आन बरं का, जामिनासाठी शेजारच्या ज्ञानूला तयार केलाय म्या. वकिलाला सांगून टाका, नाटकं नगंत आता. बुधवारी यील सही कराय.

मानसिंग : आन मग?

रंगूबाई : मग काय?

मानसिंग : भाईर आलो, की?

रंगूबाई : या की. तासभर उंबऱ्याभाईर हुबं करीन. म्या तीन येळा हुबी ऱ्हायले, तुमी एक येळ ऱ्हावा. मग बगीन घरात घ्याचं का ते.

मानसिंग : दोन तास ऱ्हातो.

रंगूबाई : तासच बास. म्हशीला पानी कोण पाजायचं?

मानसिंग : रंगू, चिंचंखाली सावली हाय का?

रंगूबाई : आलो तवा हुती. आता सरकली आसंल. कशाला?

मानसिंग : मग जा तू.

रंगूबाई : आँ? तीन म्हैन्यानं तोंड बगितलं आन जा म्हणता?

विश्वजित : अजून अकरा मिनिटं आहेत, मेजर.

मानसिंग : आसूं द्या. लय कडक ऊन हाय. त्यो उठून दुसरीकडं बसणार न्हाई, ती आत गेलीया त्या दाराव डोळा ठिवून तितंच बसंल. हाय तसाच हाय त्यो.

विश्वजित : बरं. सही तेवढी करा इथं. उत्तर मिळालं, आणि समाधान झालं का नाही झालं, ते तुमच्या हातानं लिहायचं.

मानसिंग : दे. झालं.

रंगूबाई : निगते मग. फुडल्या आठवड्यात येते.

मानसिंग : रंगू.

रंगूबाई : आता काय?

मानसिंग : त्याला म्हणावं, फुडच्या खेपंला टोपी घालून ये.